ताईची सीडी उघडत नाही

आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, स्कॅनच्या खोलीला लागून एक खिडकी आहे. गेली एकोणीस वर्षं मी त्या खिडकीमागे बसते. स्कॅन झालेल्यांच्या हातात सीडी ठेवायची आणि घरी ती उघडली नाही की फोनवर त्यांची बोलणी खायची, एवढंच माझं काम. लोक काय काय करतात म्हणून सांगू! कुणी सीडीतलं फक्त वरचं चिन्ह कॉपी करून डॉक्टरला पाठवतं, आणि आतले तीनशे फोटो राहतात घरीच. एक आजोबा तर सीडीचाच फोटो काढून पाठवायचे, तोही दोन्ही बाजूंनी. मी सगळ्यांना एकच पाढा म्हणून दाखवते. अख्खं फोल्डर उचला, नावं बदलू नका, बघायचा प्रोग्राम सीडीतच आहे, तोच वापरा.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला भावोजींचा फोन आला, तेव्हाही मी हाच पाढा सुरू केला.

“धाकटे, ताईची सीडी उघडत नाहीये.”

“उघडत नाही म्हणजे नक्की काय होतंय, ते सांगा भावोजी.”

“माझ्याकडे उघडतेय गं. पण तिकडच्या सर्जनच्या माणसाचा फोन आला होता. म्हणाला, यात दोन माणसांचे फोटो मिसळलेत, असलं आम्ही उघडून बघत नाही. चार वाजेपर्यंत नीट पाठवा, नाहीतर उद्याच्या यादीतून नाव काढतो.”

ताईच्या यकृतात गाठ होती. तीन डॉक्टरांनी हात टेकले होते. दुसऱ्या गावचा हा एकच सर्जन ऑपरेशनला तयार होता, आणि उद्याची संधी हुकली तर त्याची पुढची तारीख दीड महिन्यानंतरची होती. ताईकडे दीड महिना नव्हता. आणि दोन माणसं कशी मिसळली, ते मला पक्कं ठाऊक होतं.

नवीन माणसाची नोंद करायची तर अकरा रकाने भरावे लागतात. गर्दी असली की आम्ही एक पळवाट काढतो. त्याच घरातल्या कुणाचा जुना नोंदणी नंबर असेल तर तो उघडायचा, पत्ता-फोन आयते मिळतात, वरचं नाव तेवढं बदलायचं. ताईच्या स्कॅनच्या दिवशी मी तेच केलं होतं. ताई आईच्या घरात राहते, आणि आईचा जुना नंबर आमच्याकडे होता. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मेलेल्या आईच्या नंबरावर मी जिवंत बहिणीला चढवून ठेवलं होतं, अकरा रकान्यांचा कंटाळा म्हणून.

“किती फोटो दिसतात तुम्हाला?” मी विचारलं.

“लॅपटॉपवर दोनशे एक्क्याण्णव. मोबाइलवर तीनशे तीन. असं वेगवेगळं कसं गं?”

माझ्यासमोरच्या यंत्रावर दोनशे चौऱ्याऐंशी होते. मी स्वतः मोजून दिले होते.

“शेवटचे जरा वेगळेच आहेत,” भावोजी आवाज खाली आणून म्हणाले. बहुधा ताई जवळच झोपलेली असावी. “बाजूला काहीतरी पांढरं पांढरं... गोल गोल.”

“आईचे जुने फोटो असतील. बघते मी,” म्हणून मी फोन ठेवला.

पण जिना चढतानाच मला आठवलं की आईचा स्कॅन डोक्याचा होता. पोटाचा कधी झालाच नव्हता.

रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांची खोली वरच्या मजल्यावर आहे. तिथे खिडक्या कायम बंद, दिवे कायम मंद, कारण उजेडात फोटोतले बारकावे दिसत नाहीत. दिवसाढवळ्याही तिथे शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. डॉक्टर जेवायला गेले होते. एसीची घरघर चालू होती आणि तापलेल्या वायरींचा वास येत होता. मी मोठ्या पडद्यावर ताईच्या सीडीची आमच्याकडची प्रत लावली.

दोनशे चौऱ्याऐंशीपर्यंत सगळं नीट होतं. माणसाचे पावासारखे एकेक काप पाडून दाखवतात ते फोटो, कडेला फासळ्या, मध्ये मणका, आणि यकृतात ती गाठ. मी चाक आणखी पुढे फिरवलं.

पुढे पुन्हा ताईचंच पोट होतं. तीच गाठ, तीच जागा. फक्त उजव्या कुशीपाशी, कातडीला लागून, छोटे पांढरे गोल होते. एकोणीस वर्षं हे फोटो बघतेय, त्यामुळे मला कुणाला विचारावं लागलं नाही. आडवी कापलेली बोटं अशीच दिसतात. पण पोटाच्या स्कॅनला माणसाचे दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावतात. आणि त्या वेळी खोलीत दुसरं कुणी उभं राहूच शकत नाही, दार बंद झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही.

मी गोल मोजले. तीन एका ओळीत, एक जाडसर जरा बाजूला. चार. पुन्हा मोजले, तरी चारच. आईच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती, लहानपणीच उसाच्या चरकात सापडून गेली होती.

मी सीडी काढली आणि तेच फोटो माझ्या मोबाइलवर घेतले. का घेतले, विचारू नका. एका यंत्रावर काही विचित्र दिसलं की दुसऱ्यावर बघायचं, ही आमच्या कामाची सवय. मोबाइलवर तीनशे दहा फोटो होते. त्या शेवटच्या फोटोंमध्ये बोटं कातडीवर नव्हती. ती आत होती... गाठीपासून दोन बोटांच्या अंतरावर.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या आधी राग आला. आम्ही दोघी बहिणी, पण आईचा हात कायम ताईच्याच पाठीवर. मी वर्गात पहिली आले तरी “बरं” एवढंच, आणि ताई नुसती शिंकली तरी रात्रभर उशाशी. शेवटच्या दुपारी मात्र आईने हात माझ्याकडे पुढे केला होता. मी कानाला फोन लावून कुणालातरी सीडी कशी उघडायची ते सांगत होते. मी बोट वर करून तिला खूण केली, थांब जरा. फोन संपवून वळले तेव्हा तो चार बोटांचा हात चादरीवर पडलेला होता.

आता ती ताईला घेऊन चालली होती. निदान मला तरी त्या वेळी तसंच वाटलं.

खाली येऊन मी ताईसाठी नवा नंबर काढला, अकराच्या अकरा रकाने भरून. तिचे फोटो तिकडे हलवले, तर आता इथेही दिसू लागलेले जादाचे सव्वीस सोबत आले. परत आईच्या नंबरावर ढकलले, तर यंत्र घेईना. ताईचं नाव निघताच ती नोंद पुन्हा आईची झाली होती, आणि मृत व्यक्तीची नोंद बंद आहे, म्हणे. पुसायचे तर दोन वरिष्ठांच्या सह्या लागतात, आणि सह्या गोळा करायला बसले असते तर चार कधीच वाजून गेले असते. ‘फोटो कोणाच्या नावावर ठेवायचे?’ असा रकाना समोर उघडा होता आणि घड्याळात पावणेचार झाले होते.

असे बेवारशी फोटो आम्ही स्वतःच्या नावावर ठेवतो. सगळेच ठेवतात. यंत्र तपासायला पाण्याचा डबा ठेवून फोटो काढतात ना, त्यांचे चारशे तरी माझ्या नंबरावर पडून आहेत. कागदोपत्री माझं पोट म्हणजे पाण्याचा डबा, असं आम्ही हसत असू. म्हणून मी माझा नंबर टाकला. पण बटण दाबायला बोट पुढे होईना.

“आई,” मी म्हणाले. खिडकीबाहेर कुणी नव्हतं. “तिला सोड. ने ना मला न्यायचं तर... मला तरी कधी जवळ घे.”

शेवटचं वाक्य मी का बोलले, देव जाणे. मी बटण दाबलं.

ताईच्या नावावर दोनशे चौऱ्याऐंशी फोटो राहिले. मी ते पाठवले, आणि चारला पाच मिनिटं असताना भावोजींचा रडका आवाज आला, “उघडली गं! घेतलं त्यांनी यादीत!”

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. ताई वाचली, आजही आहे. आठव्या दिवशी तिला भेटायला गेले, तेव्हा तिने मला उशाशी बसवून घेतलं.

“एक सांगू? हसशील.”

“सांग.”

“आजारपणात रोज कुणीतरी कुशीवर हात ठेवून बसायचं. ठणका लागला की हात जरा आत सरकायचा, आणि ठणका थांबायचा. आईच असणार गं... डोळे मिटून पडून राहायचे मी.” तिने तोंड फिरवलं. “ऑपरेशनच्या आदल्या दुपारपासून नाही आली. चारच्या सुमाराला उठून गेली, ती गेलीच. मी काही चुकले का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “तू कुठे काय चुकलीस.”

मग मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी माझा नंबर उघडला. पाण्याच्या डब्यांचे चारशे फोटो जागच्या जागी होते. त्यांच्याखाली हलवलेले सव्वीस असायला हवे होते. होते एकशे दोन, आणि त्यात ताईचं पोट नव्हतं. यकृत निरोगी होतं. मी त्या टेबलावर आजवर एकदाही झोपलेले नाही, पण माझ्या कमरेच्या तिसऱ्या मणक्याला जन्मापासून एक फट आहे, आणि ती फट त्या फोटोंत होती.

ही मालिका खिडकीवरच्या यंत्रावर उघडते, वरच्या मोठ्या पडद्यावर उघडते, मोबाइलवर तर हात लावायच्या आत उघडते. कुठेही अडत नाही. रोज सकाळी सात-आठ फोटो वाढलेले असतात आणि तो चार बोटांचा हात मणक्याच्या आणखी जवळ आलेला असतो. ताईच्या कुशीत ती बोटं पसरलेली होती, थोपटताना असतात तशी.

माझ्या फोटोंत मूठ आवळलेली आहे.