बासष्टावी सही

"बासष्ट नावांचा कागद गेला!" कामगारांच्या पुढारी माई गुप्तहेर मेघालीच्या पालघरच्या कचेरीत शिरताच म्हणाल्या. खुर्ची पुढे केली तरी त्या उभ्याच.

बोईसरचा पंपांचा कारखाना विक्रीला निघाला होता. कामगारांनी आपापली पुंजी घालून तो घ्यायचा, हिस्सा सगळ्यांचा सारखा, असं ठरलं होतं. संमतीचा कागद आज, चौदा ऑगस्टला, पाचपर्यंत वकिलाकडे पोचला नाही तर कारखाना भंगारात. आणि पुन्हा सह्या घ्यायच्या तर सुटी मिळालेले कामगार सफाळ्यापासून घिवलीपर्यंतच्या गावांत पांगलेले!

"दिवस मीच निवडला. सासरे बेचाळीसला याच दिवशी पालघरच्या मोर्च्यात व्हते, गोळीबार झाला तवा. आज सकाळी अकरा वाजता कागद कारखान्याच्या कपाटात व्हता, बारा वाजता नाय. किल्ल्या आमा तिघांकडंच."

मेघाली लगेच उठली. तिचा सहायक नरहरी मात्र कुरकुरला, "मी उपाशी आहे हो. हुतात्म्यांसाठी पालघरचा बाजार सकाळपासून बंद. साधा चहा मिळाला नाही!"

कारखान्यात दुसरी किल्ली असलेल्या व्यवस्थापक दिग्विजयने काही लपवलं नाही. "भंगारात गेला तर मला दलाली मिळेल. पण दहा ते एक मी वकिलांसमोर होतो."

"हाच तो!" नरहरी कुजबुजला. मेघालीने वकिलांना फोन लावला. दिग्विजय खरं बोलत होता.

तिसरी किल्ली मशीनवरच्या झुंबरकडे. नगरकडचा माणूस, मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसलेला.

"चौदा ऑगस्टला मशीन बंद, हे वीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय. अकरा ते बारा मी तर हितं नव्हतोच. पालघरच्या बाजारात गेलतो, पोरीला दप्तर घेतलं."

"चार वाजले. जेवला नाहीत?" मेघालीने विचारलं.

"भूक न्हाई."

मेघालीने सगळ्यांना बोलावलं.

"माईंनी चोरला असता तर त्या माझ्याकडे आल्या नसत्या. दिग्विजय वकिलांसमोर. आणि झुंबरभाऊ, आज पालघरात दप्तराचं दुकान उघडंच नाही. दरवर्षी या दिवशी तुम्ही मशीनवर, बाजार बंद असतो हे तुम्हाला कसं कळणार? डबा उघडा."

भाकरीखाली घडी केलेला कागद होता. सह्या एकसष्ट. झुंबरच्या नावापुढे कोरं.

"पुंजी बुडाली तर?" तो रडवेला झाला. "आजवर मालकाला शिव्या देता यायच्या. आता कुणाला देऊ?"

माई त्याच्याजवळ बसल्या. "माजा सासरा पयल्या गोळीला पळालेला. शेतात दडला. मंग परत गेला, पडलेल्यांना उचलाया. भ्यालास ना? भी. पन परत ये."

पाच वाजायला वीस मिनिटं होती. झुंबरने हात पँटला पुसले आणि नरहरीकडे पेन मागितलं.