तळाला गेलेली वही

तळ्याकडे निघालेल्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक बाई बसली होती आणि दर वळणाला उजवा पाय जमिनीवर दाबत होती. ड्रायव्हरने तीनदा तिच्या पायाकडे बघितलं, चौथ्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग नको ती कटकट म्हणून गप्प बसला. मागच्या सीटवरून मात्र कोणीतरी म्हणालं, "तिकडे ब्रेक नाहीये हो. असता तर एव्हाना झिजला असता."

तिने वळून बघितलं. चाळिशीच्या अलीकडचा, उन्हाने रापलेला माणूस. मांडीवर दोरीचं भलंमोठं वेटोळं, आणि ते पोटच्या पोरासारखं दोन्ही हातांनी धरलेलं.

"मोजत होता?" तिने विचारलं.

"सतरा झाले. मोजणं हाच धंदा आहे माझा."

ती पुढे वळली. रागवायला हवं होतं, पण तेवढ्यात वळण आलं, पाय आपोआप गेला, आणि मागून अगदी हळू आवाजात ऐकू आलं, "अठरा."

या बाईचा धंदा गाडी शिकवण्याचा. अकरा वर्षं ती शिकाऊ माणसाच्या शेजारी बसत आली होती. तिच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, आणि लोकांचे जीव त्या ब्रेकवर चालतात. गाव तिला मास्तरीण म्हणे. नवरा दोन वर्षांपूर्वी आठ महिन्यांच्या आजारपणानंतर गेला. तिथे मास्तरणीने ब्रेक दाबून दाबून पाय दुखवून घेतला, पण गाडी थांबली नाही. तेव्हापासून ती एका जागी बसलीच नव्हती. पहाटे पाचची तुकडी, संध्याकाळी सातची तुकडी, मध्ये घर, बाजार, सासूबाईंची औषधं. रविवारी कोणी शिकायला आलं नाही तर ती गाडी धुवायची. धुतलेलीच परत धुवायची.

शेवटी सासूबाईंनीच हात टेकले. फोन करून तळ्याकाठच्या अतिथीगृहात सात दिवसांची खोली घेतली, सुनेची बॅग स्वतः भरली आणि सांगितलं, "जा बाई कुठेतरी. तुझ्या येरझाऱ्यांनी माझं डोकं गरगरतंय."

सुट्टीचा पहिला दिवस कसा गेला ते अतिथीगृहाच्या मावशींना विचारा. मास्तरणीने व्हरांड्यातल्या खुर्च्या रांगेत लावल्या. भिंतीवरची चौकट सरळ केली. आग लागल्यास काय करावे हा फलक दोनदा वाचला. तळं बघितलं, छान होतं, चार मिनिटांत बघून झालं. लग्नानंतर ती दोघं फिरायला जात तेव्हाही ती अशीच भिरभिरायची. तेव्हा खाटेवर आडवा पडलेला नवरा तिचा हात ओढून म्हणायचा, "बस ना जरा." आता हात ओढणारं कोणी नव्हतं, म्हणून खुर्च्या रांगेत लागत होत्या.

दुपारी ती स्वयंपाकघरात शिरून बरण्या उतरवायला लागली, तेव्हा मावशींनी कमरेवर हात ठेवले. म्हणाल्या, तुम्हाला कामच हवंय ना, मग त्या मोजणीदाराकडे जा. त्याचा लिहिणारा माणूस बहिणीच्या लग्नाला गेलाय, आणि तो बिचारा एका हाताने दोरी सोडतो नि दुसऱ्या हाताने लिहितो.

बुधवारी सकाळी ती होडीत जाऊन बसली. मोजणीदार म्हणजे जीपमधला तो दोरीवालाच निघाला. मोजणीदाराने काम समजावून सांगितलं. तळ्यात गाळ किती साठलाय ते सरकारला हवं होतं. ठरलेल्या जागी होडी उभी करायची, शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, तळ लागला की दोरीवरची खूण बघून आकडा सांगायचा. लिहिणाऱ्याने तो आकडा आधी मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच वहीत घालायचा. चूक होऊ नये म्हणून ही पद्धत. काम संपलं की होडीतच पानांचे फोटो काढायचे आणि ऑफिसला धाडायचे.

"सात पूर्णांक दोन," तो म्हणायचा.

"सात पूर्णांक दोन," ती म्हणायची.

अशा दिवसाला नव्वद जागा. आता एक बाई आणि एक पुरुष दिवसातून नव्वद वेळा एकमेकांचं बोलणं शब्दाला शब्द ऐकतात आणि खरं-खोटं करायला एकमेकांकडे बघतात, हे नवरा-बायकोतसुद्धा घडत नाही. पहिल्या दिवशी सकाळी तो आकडा सांगताना दोरीकडे बघत होता. दुपारी दोरीकडे बघून मग तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी तिलाच म्हणावं लागलं, "दोरी तिकडे आहे."

"माहितीये," तो म्हणाला, पण मान काही वळली नाही.

मधल्या वेळात तो बडबडायचा. लग्न केलं नव्हतं. का, तर दरवर्षी नवं तळं, नवी खोली, नवे ढेकूण. बायकोला काय दाखवणार, असं म्हणायचा. ती म्हणाली, ढेकूण तरी दाखवायचे. तो इतका हसला की होडी हलली. तिने फळी घट्ट धरली. मग तीही हसली... आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपला हा आवाज आपण विसरलो होतो.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मास्तरीण त्यांना होडीतल्या गमती सांगत सुटली. ढेकणांचंही सांगितलं. पलीकडे सासूबाई म्हणाल्या, "किती दिवसांनी हसलीस गं," आणि मग काहीच बोलल्या नाहीत. तेवढ्या शांततेत मास्तरणीने स्वतःला आरोपी केलं, साक्ष काढली आणि शिक्षाही सुनावली. ज्या बाईचा एकुलता एक मुलगा गेला, तिला आपण परक्या पुरुषाच्या विनोदावर हसून दाखवतोय. तिला आपल्याशिवाय आहे कोण? फोन ठेवल्याबरोबर तिने मावशींना विचारलं, शनिवारची पहिली गाडी किती वाजता.

शुक्रवारी होडीत तिने ते सांगितलं. मोजणीदाराने दोरी गुंडाळता गुंडाळता विचारलं, घरी सगळं ठीक ना. ती म्हणाली, हो, ठीक. त्या दिवशी नव्वद आकडे अगदी कोरडे निघाले. पानांचे फोटो काढले, तिने वारा लागू नये म्हणून पानाची दोन टोकं धरली, त्याने इंजिन सुरू केलं, आणि दोघं माघारी फिरली.

आणि मग ते झालं. बोरूच्या झुडपाआडून मासेवाल्याची होडी एकदम आडवी आली. मोजणीदाराने सुकाणू वळवलंही होतं, पण मास्तरणीच्या पायाला कोण सांगणार? अकरा वर्षांची सवय. तिने सगळा जोर काढून ब्रेक दाबला. तिथे ब्रेक नव्हता, होडीच्या तळाची सुटी फळी होती. फळीचं एक टोक खाली गेलं, दुसरं वर उडालं, आणि त्या टोकावर ठेवलेली वही, लिहिताना खाली धरायच्या पत्र्याच्या पाटीसकट, हवेत एक सुंदर गिरकी घेऊन पाण्यात पडली. मासेवाला बघत राहिला. पाटीच्या वजनाने वही सरळ तळाला गेली. त्या जागेची खोली मास्तरणीनेच सकाळी लिहिली होती, अकरा पूर्णांक शून्य.

चार बुडबुडे वर आले आणि फुटले. मग मोजणीदार घसा खाकरून म्हणाला, "तीन दिवसांचं काम गेलं."

"गेलंच," ती म्हणाली.

"परत मोजावं लागणार."

"लागणारच. मीच घालवलंय... म्हणजे मला राहायला हवं."

"तसं... हो. हवं."

आता इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ही दोघं काही स्वतःहून सांगणार नाहीत. आकडे गेले नव्हते. एकूण एक आकडा फोटोत होता आणि ऑफिसला पोचलाही होता. हे त्याला ठाऊक होतं, कारण फोटो त्याने काढले होते. आणि हे तिलाही ठाऊक होतं, कारण पानं तिने धरली होती. तरी दोन समजूतदार माणसं तोंडावरची रेषाही न हलवता किनाऱ्यापर्यंत आली, आणि मावशींकडून नवी वही मागून घेतली. मावशींनी वही दिली, पण देताना दोघांकडे असं काही बघितलं, की मोजणीदाराने विनाकारण हवामानावर भाष्य केलं.

शनिवारी बारीक भुरभूर होती. एकाच छत्रीत बसल्याशिवाय वही कोरडी राहत नव्हती. सरकारी कामच ते, इलाज नव्हता. आकडे तेच यायचे, आणि ती ते तेवढ्याच गंभीरपणे परत म्हणायची. त्याच्या बाहीला ओल्या दोरीचा वास होता. छत्री तिच्याकडे कलती धरल्यामुळे त्याचा डावा खांदा पार भिजला होता, आणि हे तिने बघितलंय हे त्याने बघितलं होतं.

रविवारी ऊन पडलं. विसाव्या जागेवर त्याने आकडा सांगितला आणि तो परत आला नाही. त्याने वर बघितलं. ती वही मिटून बसली होती.

"मावशींकडच्या घड्याळात बघून निघालो, तेव्हापासून दोन तास झाले," ती म्हणाली. "दोन तासांत मला माझ्या नवऱ्याची एकदाही आठवण आली नाही. असं आजवर झालं नव्हतं."

मोजणीदाराने दोरी वर ओढून घेतली. कोणी दुसरा असता तर इथे काहीतरी गोड बोलून गेला असता. याने विचारलं, "कसे होते ते?"

तिला हे गेल्या दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. सगळे गेले कसे तेवढंच विचारत. ती सांगायला लागली. विनोद संपायच्या आत स्वतःच हसायचा, म्हणून त्याचा एकही विनोद कोणाला पूर्ण कळला नाही. बुटाची नाडी बांधताना गुणगुणायचा. गाडी चालवायला तिच्याकडूनच शिकला आणि शेवटपर्यंत वाईट चालवली. मोजणीदार ऐकत राहिला. होडी आपोआप फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली, तरी दोघांना पत्ता नाही.

मग तो म्हणाला, "एक कबूल करायचंय. ते आकडे... ऑफिसला सगळे आधीच पोचले होते."

"पानं कोणी धरली होती?"

त्याने तिच्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्यापासून. तुम्ही कधी सांगता ते बघत होते. दोन दिवस लावलेत. माझ्याकडे शिकायला आला असतात तर नापास केलं असतं."

"मग मीही थांबत नाही आता," तो म्हणाला. "उद्या तुम्ही गेलात की मी हे तळं सोडून दुसऱ्या तळ्यावर जाणार. तिथेही आकडे सांगणार, आणि परत म्हणणारा आवाज तुमचा नसणार. ते मला नकोय. मला तुम्ही हव्यात."

ती पाण्याकडे बघत राहिली. उठून फिरायची सोय होडीत नव्हती.

"माझ्या घरी एक बाई आहे," ती म्हणाली. "तिचा मुलगा गेला आणि सून राहिली. मी उठून तुमच्याबरोबर निघाले तर तिच्याकडे काय राहतं?"

"तिला सोडून या असं मी कुठे म्हणालो?"

"तुम्ही नाही म्हणालात. पण तिला तसंच वाटलं तर? तिला वाटलं तर मी नाही म्हणणार. आत्ताच सांगून ठेवते."

"विचारा," तो म्हणाला. पण दोरीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

किनाऱ्याला लागल्यावर तिने तिथेच उभं राहून फोन लावला. आई, असं म्हटलं आणि पुढचं सगळं एका दमात सांगितलं. ढेकणांचा माणूस, वही, छत्री, दोन तासांची गोष्ट, सगळं. तो आठ पावलांवर होडी बांधत होता. एकच गाठ चौथ्यांदा बांधत होता. पलीकडे गुरुवारसारखीच शांतता पसरली. मास्तरणीने डोळे मिटून घेतले.

"दिवसभर पाण्यावरच असतो म्हणतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"पोहता येतं का त्याला?"

हा प्रश्न काही तिच्या तयारीत नव्हता. तिने फोनवर हात ठेवून विचारलं. मोजणीदाराने गाठ सोडली, परत धरली, आणि अपराध्यासारखी मान हलवली.

"नाही येत, आई."

सासूबाईंचा श्वास तिला स्पष्ट ऐकू आला. मग त्या बोलल्या, आणि आवाज अर्ध्यावर चिरला तरी शब्द खणखणीत होते.

"मग आधी शिकायला सांग त्याला. आणि मग घेऊन ये घरी. परत एकदा कोणाला घालवायची ताकद नाही गं माझ्यात."

मास्तरणीने निरोप पोचवला. मोजणीदाराने तो शब्दाला शब्द परत म्हटला, मग बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्याकडे बघत, भीत भीत, पाण्यात पहिलं पाऊल टाकलं.