मागणीचं पान

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती गुडघाभर चिखलात उभी होती, आणि मी तिच्या जमिनीचा भाव विचारत होतो.

तेव्हा मी पंचवीस वर्षांचा. पाडांग शहरातल्या एका शेठला सरोवराकाठी जागा हवी होती, पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला. मी त्याच भागातला, पलीकडच्या काठावरचा, म्हणून त्याने मला पाठवलं. आमच्याकडे जमीन बायकांच्या नावावर चालते, आईकडून लेकीकडे. वारशाची जमीन कुणी विकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, त्या घरच्या मामाला, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाला, पटवलं की काम होईल. सकाळी लुबुक सारी गावातल्या कॉफीच्या दुकानात मामा भेटले. त्यांनी माझ्या पैशाची कॉफी प्यायली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी नुसता राखणदार. मालकीण शेतात आहे, तिला विचारा.

मालकीण म्हणजे यूस्निदार. भाताची लावणी चालली होती. रिमझिम पाऊस पडत होता आणि तिने डोक्यावर केळीचं पान बांधलं होतं. मी बांधावरून शेठचा निरोप सांगितला. ती ऐकत राहिली... रोपं लावत राहिली.

"तुमच्या आईने विकली का तिची जमीन?" तिने वर न बघता विचारलं.

"माझी आई एक वेळ मला विकेल," मी म्हणालो, "जमीन नाही."

आता तिने वर पाहिलं. केळीच्या पानाखालून. तोंडावर चिखलाचा एक ठिपका होता.

"असं? मग तुमचा भाव सांगा. तो परवडतो का बघू."

आमच्याकडे मुलाला मागणी घालायला मुलीकडचे येतात, त्यामुळे ती थट्टा होती, आणि नव्हतीही. मी बांधावरून घसरलो आणि एक पाय तिच्या भातात गेला. तीन रोपं मोडली. ती म्हणाली, नुकसानभरपाई लागेल.

पुढच्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, मी परत गेलो. त्याच्या पुढच्या बुधवारीही. शेठला तोवर दुसरीकडे जागा मिळालीही होती.

"शेठ अजून विचारतोय?" ती म्हणायची.

"विचारतोय ना."

"फार चिकट आहे हो तुमचा शेठ."

चौथ्या बुधवारी तिने मला एक कणीस भाजून दिलं आणि सहज म्हणाली, "शेठला म्हणावं, आता घरी बसून राहा. आम्ही येतो."

ते आले. मामा पुढे, मागे बायका, मधे विड्याच्या पानांचा पितळी डबा, वर जरीचं कापड. रीत अशी की दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तासन्‌तास आडवळणाने बोलायचं, आकाश, पाणी, पूर्वज सगळं करून मग मुद्द्यावर यायचं, आणि शेवटी मुलाच्या मामाने डब्यातलं पान उचलायचं. पान उचललं की होकार. मुलाने आत गप्प बसायचं. मी अर्धा तास बसलो. तिच्या मामांनी नुकता घसा खाकरला होता, भाषणाचं पहिलं वाक्य झालं होतं... मला राहवेना. मी कॉफीचे पेले घेऊन बाहेर आलो, पेले ठेवले, आणि डब्यातलं एक पान उचलून सरळ तोंडात घातलं.

मग आईने कपाळावर हात मारला आणि बायका हसायला लागल्या. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन महिने पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं.

ही गोष्ट यूस्निदारने सव्वीस वर्षं सांगितली. लग्नात, बारशात, शेजारणींना, भाजीवाल्यांना. "आम्ही विचारायच्या आतच हे हो म्हणाले. किती घाई माणसाला!" मी रागावल्यासारखं करायचो.

मी तिच्या घरी राहायला गेलो. बायकोच्या घरातला पुरुष म्हणजे खुंटावरची राख, वारा आला की गेली, असं आमच्याकडे म्हणतात. एकदा दुकानात कुणी मला तसं बोललं, आणि मी तोंड पाडून घरी आलो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "फुंकर मारायची तर मीच मारणार ना? मी नाही मारत. जेवून घ्या."

मामांनी आम्हाला वरचा उतार दिला. तिथे आम्ही दोघांनी दालचिनीची झाडं लावली. मूल झालं नाही. त्यावर आम्ही फार बोललो नाही. झाडं मोठी झाली, साल सोलायचे दिवस आले की तिच्या ओढणीला आठवडाभर दालचिनीचा वास यायचा.

मग ती आजारी पडली. छातीचं दुखणं. शेवटच्या दोन महिन्यांत ती धाकट्या बहिणीला, एल्मियातीला, पाठवून मामांना, घरातल्या इतरांनाही सारखी बोलावून घ्यायची. ते आले की मला काहीतरी आणायला बाहेर धाडायची... लिंबं, रॉकेल, काहीही. मला वाटायचं, उताराची, झाडांची वाटणी चालली असेल. वाईट वाटायचं. मला झाडं नको होती. मला एकच विचारायचं होतं. त्यांच्या घराचं दफनाचं रान घराच्या मागेच आहे, पण तिथे फक्त त्या घराची रक्ताची माणसं. जावई मेला की त्याला त्याच्या आईच्या गावी नेतात. मला तिच्याजवळ जागा मिळेल का... एवढंच. पण मागायचं काम आमच्याकडे बायकांचं, आणि ती काही बोलली नाही. मीही नाही विचारलं. रोजे सुरू व्हायच्या आदल्या सकाळी ती गेली.

शंभरावा दिवस झाला आणि माझी बहीण रोस्माला मला न्यायला आली. बायको गेली की नवऱ्याने आईच्या घरी परतायचं, तीच रीत. मी एक पिशवी घेतली आणि माझी उशी. एल्मियाती दारात उभी होती. थांबा म्हणणं तिच्या हातात नव्हतं. तिने माझ्या पिशवीत दालचिनीची एक जुडी खुपसली आणि आत गेली.

आईच्या घरात पुरुषाला खोली नसते. रोस्मालाने ओसरीवर गादी टाकून दिली. तिथून सरोवर दिसतं, पलीकडचा उतारही दिसतो, धुकं नसलं तर. मी बुधवारी बाजारात जायचो, काही न घेता यायचो. भाची विचारायची, मामा, काय बघता तिकडे? मी म्हणायचो, होड्या.

आठ महिने गेले. एका बुधवारी सकाळी अंगणात माणसं आली. पुढे मामा, काठी टेकत, आता ऐंशीला आलेले. मागे एल्मियाती. तिच्या हातात पितळी डबा, वर तेच जरीचं कापड.

रोस्माला हसायला लागली. "अगं, या वयात माझ्या भावाला मागणी?"

"मागणीच आहे," एल्मियाती म्हणाली. ती हसत नव्हती. डबा तिने माझ्यासमोर ठेवला. "ताईने जाण्याआधी घरातल्या सगळ्यांचा होकार घेतलाय. एकेकाला बोलावून. तिच्या शेजारची जागा... तुमच्यासाठी राखलीये. वर्ष होत आलं की रीतसर डबा घेऊन जा, म्हणाली. मागायचं आपल्याकडून असतं."

म्हणजे ती लिंबं. ते रॉकेल.

मी पानांकडे बघत बसलो. एकदा जो हात कुणी न विचारता पुढे गेला होता, तो आता मांडीवरून उठेना.

"आणि एक निरोप आहे, भाऊजी," एल्मियाती म्हणाली. "म्हणाली, त्यांना सांग... या वेळी घाई करायची नाही."

रोस्माला पदराने डोळे पुसत आत गेली, कॉफी टाकते म्हणाली. मामांनी काठी बाजूला ठेवली, मांडी नीट केली आणि घसा खाकरला.

"जावई," ते म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. माझं भाषण अजून पाठ आहे."

मी हात मांडीवर तसेच ठेवले.

"बोला, मामा," मी म्हणालो. "सावकाश बोला."