मैंदर्गीचा कॅमेरा

ऐकायचं असेल तर आधी मोबाईल खाली ठेवा, पोरांनो. आदिनाथला तुम्ही ओळखता. सोलापुरात राहतो, तिथल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वायरमन आहे तो. हे त्यानं मला एकदाच सांगितलं. परत विचारलं तर मान फिरवतो.

त्याची आई बजाबाई मैंदर्गीला एकटीच राहायची. गल्लीत चोरांनी दोन घरं फोडली, म्हणून गेल्या वर्षी उन्हाळ्यात आदिनाथ एक राऊटर आणि एक कॅमेरा पिशवीत घालून गाडीवर निघाला. इंटरनेटची लाईन आधीच घेतलेली होती. राऊटर फळीवर ठेवला, कॅमेरा आईच्या खोलीत कोपऱ्यात उंचावर बसवला, मोबाईलला जोडला. मग मोबाईलचं वाय-फाय बंद करून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. चित्र दिसत होतं. म्हणजे सोलापुरातही दिसणार.

"ह्यातनं तू मला दिसशील व्हय रं?" बजाबाईनं विचारलं.

"न्हाय आई. तू मला दिसशील."

"मग मला काय उपेग त्याचा?"

तो हसला. "राऊटरवर लाल दिवा लागला तर बटण बंद करून परत चालू कर. एवढंच काम तुला."

त्यानंतर त्याच्या मैंदर्गीच्या खेपा कमी झाल्या. आई रोज दिसतेय की. पण दोन-चार दिवसांआड संध्याकाळी चित्र जायचं. मग हा फोन करायचा, "आई, राऊटर बघ जरा." ती बटण दाबायची आणि तेवढ्यात जेवलास का, पूनम बरी हाय का, पोरींचा खोकला गेला का, सगळं विचारून घ्यायची.

बटण ती स्वतःच बंद करायची. चित्र गेलं की पोराचा फोन येतो, हे तिला कळलं होतं. शेजारच्या कमलम्मानं त्याला हे सांगितलं, तेव्हा बजाबाईला जाऊन तीन दिवस झाले होते.

ती गेली त्या संध्याकाळीही चित्र गेलं होतं. आदिनाथनं ते पाहिलं होतं. पण कारखान्यात मशीन अडलेलं, हात ग्रीसनं भरलेले. उद्या करू फोन, असं म्हणून त्यानं मोबाईल खिशात टाकला. सकाळी कमलम्माला ती राऊटरच्या फळीखाली सापडली. हात वर, बटणाकडं.

आदिनाथ रडला नाही. दहावं केलं, तेरावं केलं. कॅमेरा काढला, राऊटर काढला, दोन्ही तिथल्याच पत्र्याच्या पेटीत ठेवले. मेन स्विच बंद केला, घराला कुलूप लावलं. पुढं कामावर जात राहिला. कुणी बोललं तर मान हलवायचा. ताटात वाढलेलं संपवायचा. चव विचारली तर सांगता यायचं नाही.

मोबाईलवरचं ते ॲप मात्र तसंच राहिलं.

चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. बायको, पूनम, पोरींना घेऊन माहेरी वेळापूरला गेली होती. आदिनाथ दाराकडं तोंड करून एकटाच जेवायला बसला होता. आठ वाजून दहा मिनिटांनी मोबाईल वाजला.

'आईची खोली. कॅमेरा चालू झाला.'

त्यानं उघडून बघितलं. चित्रात एक खोली. कुणीतरी खाली बसून जेवतंय... पाठमोरं. वरून दिसणारं. निळा बनियन. समोर ताट.

ओळखायला त्याला वेळ लागला. तो स्वतःच होता.

सोलापूरच्या त्या घरात कॅमेरा नव्हता. कधीच नव्हता.

त्यानं डावा हात वर केला. क्षणभरानं चित्रातल्या माणसानं केला.

तो वळला. वर कोपऱ्यात पाहिलं. कोरी भिंत.

मोबाईलकडं पाहिलं. चित्र क्षणभर उशिरानं येत होतं... आता तिथला आदिनाथ वळला. मान वर केली. आणि सरळ याच्याकडं बघितलं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

मोबाईलमधून खरखर आली. मग श्वास. एक... दुसरा...

"आई?"

...

"जेवतोय गं."

...

चित्र गेलं.

सवयीनं त्यानं आईचा नंबर लावला. बंद आहे, असं बाई सांगत राहिली. तरी तो फोन कानाला धरून बसला. ताटातला भात वाळून गेला.

शनिवारी तो मैंदर्गीला गेला. कुलूप जागेवर. मेन स्विच बंद. पेटीत कॅमेरा, राऊटर, जसेच्या तसे. वर धूळ बसलेली.

रविवारी दुपारी पूनम परत आली. घर झाडताना कोपऱ्यात थांबली. खाली पांढरा चुना पडला होता, त्यात विटेचा लाल भुगा. तिनं वर पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "हितं कॅमेरा बसवायचा हाय व्हय? दोन भोकं कवा पाडलीत?"