शेवटच्या काचेवरची ज्योत

लोसाच्या खोलीला कोणती खिडकी घ्यायची, एवढंच त्या दिवशी ठरवायचं होतं.

लोसा माझ्या दादाची मुलगी, अजून रांगणारी. आमच्या इन्व्हरकार्गिल शहराच्या थंडीत तिच्या खोलीतल्या एकेरी काचेवरून सकाळी आतल्या बाजूने पाणी ओघळायचं. पडद्याला काळी बुरशी धरली होती. पोरीची छाती सारखी घरघरायची.

दादा, मलाकी, हिवाळ्याआधी ब्लफ बंदरातून बोटीवर गेला. बोट परत आली, दादा आला नाही. सापडलाही नाही. तेव्हापासून अंधारून आलं की त्या काचेवर बाहेरून वाफेचा एक गोल उमटायचा... मोठा व्हायचा, विरायचा, पुन्हा मोठा व्हायचा. कुणीतरी तोंड लावून श्वास घेत असावं तसा. खोलीत खाऱ्या शेवाळाचा वास भरायचा. तरी मी तिथून हलायचो नाही.

खिडक्या बसवणारा ब्रेंडन चौकटीच्या फटीत बोट घालून हसला. "ही खिडकी आहे की चाळण? हीटर लावून अख्खा रस्ता गरम करताय! दुहेरी काच घ्या. ऊब परत आत फेकणारा थर असतो तिला. आणि न उघडणारी घ्या, म्हणजे फटच नको."

"उघडणारीच पाहिजे!" मी ओरडलो. "नसेल तर चालता हो!"

सेफिना वहिनीने मला बाजूला ओढलं. "भाऊजी, तुमचा भाऊ दारातून यायचा. खिडकीतून कधी आला होता?"

"आता येतो, वहिनी... तुम्हाला वास येत नाही?"

ती अगदी हळू म्हणाली, "येतो ना. पण तो पोरीच्या छातीत जातोय..."

मला रडू फुटलं. ब्रेंडन आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"न उघडणारीच बसव," मी म्हणालो.

पंधरवड्याने खिडकी बसली. संध्याकाळ झाली. काच कोरडी, वास नाही, वाफ नाही. लोसा झोपली होती आणि घरघर थांबली होती. वहिनी भिंतीला टेकून खालीच बसली, रडत रडत हसली. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

ब्रेंडनने काचेसमोर लायटर पेटवला. "दोन काचा, चार बाजू. म्हणून काचेत ज्योती चार दिसतात. ही जांभळट दिसतेय ना, तो तुमचा थर. फसवलं नाही हो!" लायटर माझ्या हातात देऊन तो हत्यारं गाडीत ठेवायला गेला.

मी ज्योती बघत राहिलो. हातातली स्थिर होती. काचेतल्या पहिल्या तीनही स्थिर. सगळ्यांत पलीकडची, बाहेरच्या बाजूची, तेवढी वाऱ्यात असल्यासारखी फडफडत होती. आता विझणार, असं वाटलं...

तेवढ्यात ती सावरली. तिच्याभोवती लालसर उजेड पसरला, वारा लागू नये म्हणून कुणी आडोशाला धरलेल्या बोटांमधून दिसतो तसा.