हाताला ठाऊक

गणपती दूध प्यायले, त्या सालची ही गोष्ट. सगळं कापडं गाव वाट्या घेऊन देवळात धावलं होतं. ठमाने आपला चमचा सोंडेला लावला आणि नजर मात्र खाली ठेवली. दूध पोटावरून ओघळत पाटावर साचत होतं. तिने तसं सरळ सांगून टाकलं, तर सासू पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही. अशी ही बाई. डोळ्यांनी पाहीन, हाताने करीन, मग मानीन.

तीच ठमा दिवाळीनंतर एका सकाळी एसटीने महाडला निघाली, गळ्यातल्या टाकाची कडी सांधून आणायला. ती श्रीपतची दुसरी बायको. पहिली आवडी तापाने गेलेली. बिजवराशी लग्न करणाऱ्या बाईने पहिलीची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, गोड घास आधी त्याला लावायचा, ही रीत. मेलेल्या बाईला कसली आलीय भूक, असं म्हणत का होईना, ठमाने ती दोन वर्षं पाळली. कडी झिजली, असं तिने श्रीपतला सांगितलं खरं. पण मनात होतं टाक वितळवून टाकायचं.

कारण तिच्या हातांना काहीतरी झालं होतं.

पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली. काडेपेटी चुलीच्या उजव्या अंगाला, फळीवर. तरी ठमाचा हात डावीकडे वर गेला आणि नखं भिंतीच्या मातीवर खरवडली. तिने हात मागे घेतला. तो पुन्हा तिथेच गेला. ओल्या मातीचा वास नाकात भरला. दारात श्रीपत उभा होता. फार हळू म्हणाला, "तिथं कोनाडा होता... आवडी गेल्यावर मी बुजवला."

मग भाकऱ्यांची पाळी. तांदळाची भाकरी थापून झाली की ठमाची करंगळी आपणहून कडेला एक खळी पाडू लागली. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा श्रीपतचा घास हातातच राहिला. आवडी तशीच पाडायची. त्या दिवसापासून तो चुलीपाशी बसू लागला, शेताचं सांगू लागला, आईच्या गुडघ्याचं सांगू लागला. असा मऊ आवाज ठमाच्या वाट्याला कधी आला नव्हता. पण बोलायचा तो भाकरीच्या कडेकडे बघत. हिच्या तोंडाकडे नाही.

ठमा आतून निखाऱ्यासारखी फुलायची. जिवंत सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात. हिला धरायचं कुठे?

डोकं मात्र तिने गहाण टाकलं नव्हतं. नदीवर धुणं आपटताना ती मनाशी ताळा घेई. माणसाला गोष्ट ठाऊक होते ती कुणी सांगून, नाहीतर बघून, नाहीतर हाताने करून करून. कोनाड्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासूला खोदून विचारलं, तीही म्हणाली, मी कधी सांगितलं नाही. भूत आहे असं वाटणं वेगळं, वाटलेलं झटकता येतं. मीठ खारट आहे असं कुणाला वाटत नाही, ते ठाऊकच असतं. तसा तिच्या हाताला तो कोनाडा ठाऊक होता. मग हे शिरलं कुठून? अंगावर परकी वस्तू एकच, तो टाक.

महाडच्या म्हाताऱ्या सोनाराने टाक रिठ्याच्या पाण्यात घासला. दोन वर्षांच्या गुळातुपाचा थर सुटला, तसा तो थांबला. हा कुणाचा, असं त्याने विचारलं. माझ्या सवतीचा, ठमा तोऱ्यात म्हणाली.

"सवतीचा नाय गो बाय. ही देवी हाय. चार हात बघ की. माझ्याच हातचा टाक हा." मग आवाज उतरवून म्हणाला, "श्रीपत आला होता, पहिलीचा टाक घडवा म्हणून. आणि रडायलाच लागला. मेलेली म्हणून तिला घडवायची नाय मला, म्हणाला. समोर तयार होता तोच घेऊन गेला..."

ठमाची छाती पेटली. जिला वितळवायला ती आली होती, ती त्या टाकात कधी नव्हतीच. आणि तिच्या नवऱ्याने आवडीला अजून मेलेली मानलं नव्हतं. देवी तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाली आणि उठली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. सासू भजनाला गेलेली. श्रीपतने तिचा रिकामा गळा पाहिला. तिने ठरवून टाकलं होतं, आज भाकरी आपल्या माहेरची. करंगळी मुठीत दाबून धरली आणि नुसत्या तळव्याने थापली. भाकरी जाड झाली, वाकडी झाली, एका अंगाला करपली. तशीच त्याच्या ताटात घातली.

त्याने तिची कड चाचपली, खळी नव्हती. मग मोडली, खाल्ली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मान वर करून थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"ठमे, बरी झाली गो. आवडीच्या भाकरीपरीस बरी."

हेच ऐकायला ती दोन वर्षं झुरली होती. आता तरी ती आग विझायला हवी होती. ती वाट बघत बसली. आग विझेना, उलट भडकली, घशापर्यंत आली. आणि ठमाला कळलं, की हा जाळ तिचा नव्हता. आपला नवरा जिच्याकडे आत्ता मान वर करून बघतोय, तिच्यावर, ठमावरच, कुणीतरी जळत होतं. आतून.

"काय होतंय गो?" श्रीपत म्हणाला.

"काय नाय..."

तिचा उजवा हात मांडीवरून उठला. तिने तो उचलला नव्हता. भाकरी थापताना पसरतात तशी बोटं पसरली, आणि हात चुलीवरच्या रिकाम्या, धुरकटणाऱ्या तव्याकडे निघाला. त्या हाताला कसलीच घाई नव्हती.