ठोके साठ, सेकंद पासष्ट

"डफ द्यायचा नाही म्हणजे नाही!" ठिणगी दारातच आडवी उभी राहिली. सुट्टीचा चौथाच दिवस, पण सकाळपासून तिचं डोकं तापलेलं!

"अगं, घेणारे पाच वाजता येतील," डफावरून फडकं फिरवत आजोबा म्हणाले. "देवानं पन्नास वर्षं हात चालवला, उपकारच त्याचे. आता झाला जड."

"असं कोण म्हणतं? ते रेकॉर्डिंगवाले!"

रेकॉर्डिंगवाल्या काकांनी तीन वर्षांपूर्वी याच खोलीत आजोबांच्या डफाचे दोनशे आवाज टिपले होते. गाणी रचणारे लोक ते आपल्या गाण्यांत वापरत. पण त्या फायली एका कंपनीच्या खास प्रोग्रॅममध्येच उघडायच्या. कंपनीनं तो बंद केला, म्हणून काकांनी परवा सगळ्या फायली कुठेही वाजतील अशा साध्या फायलींमध्ये बदलल्या. आणि झालं! तक्रारींवर तक्रारी. डफ ढिला वाजतो, ठेका रेंगाळतो! काकांनी बिनदिक्कत ठोकून दिलं, "म्हाताऱ्याचा हातच जड."

"तीन वर्षं हलका असलेला हात फाइल बदलल्यावर जड झाला?" ठिणगीनं दातओठ खाल्ले. "लॅपटॉप उघड रे!"

तिचा मावसभाऊ मोजपट्टी दिसेल ते मोजत सुटायचा; नाव तसंच पडलं होतं. त्यानं काकांनी पाठवलेल्या नव्या फायली एकेक करून लावल्या. ठिणगीचा धाकटा भाऊ भुंगा कान टवकारून बसला.

"ही शेवटची रिकामीच आहे," मोजपट्टी म्हणाला.

"रिकामी नाही, खोलीचा आवाज आहे तो," ठिणगी म्हणाली. "कुणी काही वाजवत नसतानाही ते मिनिटभर खोली टिपून ठेवतात. ऐक!"

टिक... टिक... भिंतीवरचं घड्याळ!

"ताई, आपलं घड्याळ पुढे पळतंय!" भुंगा ओरडला.

"ते नाही पळत. फाइलमधलं लंगडतंय!"

मोजपट्टीनं मोबाइलवर वेळ लावली. साठ ठोके... पासष्ट सेकंद! पुन्हा मोजले. पासष्टच!

"म्हणजे घड्याळाचाही हात जड झाला?" ठिणगी कडाडली आणि चप्पल न घालताच निघाली.

काकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, वायरीच वायरी. "पोरांनो, काम आहे. खेळा जा बाहेर."

"एक मिनिट ऐका. म्हणजे पासष्ट सेकंद!"

काका हसले. मोजपट्टीनं सोबत आणलेल्या लॅपटॉपवर ती खोलीची फाइल लावली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघता बघता त्यांचं हसू मावळलं. त्यांनी घाईघाईनं मूळ फाइलची माहिती उघडली. आवाजाचे दर सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार तुकडे. नव्या फाइलवर मात्र चव्वेचाळीस हजार शंभर!

"तुकडे तेवढेच, पण वाजतायत सावकाश!" मोजपट्टी किंचाळला. "म्हणून आवाज जाड आणि ठेका मागे!"

"आधीच्या कामाचा आकडा तसाच राहिला," काका पुटपुटले. "दोनशे फायली एका झटक्यात बदलल्या ना..."

"त्यातली एक तरी ऐकलीत?"

काका उगाच वायरी आवरू लागले.

"एक फाइल ऐकायला तुम्हाला वेळ नव्हता, आणि माझ्या आजोबांना नावं ठेवायला होता!" ठिणगी तडकली.

"चुकलं गं बाई."

"मला नका सांगू. चला घरी!"

डफ घेणारे मास्तर दारात उभेच होते. त्यांच्यासमोर काकांनी आजोबांचे पाय धरले. "हात तुमचा नाही, डोकं माझं जड झालं होतं. फायली आज नीट करतो, आणि सगळ्यांना लेखी कळवतो."

आजोबांनी डोळे पुसले.

मास्तरांनी डफासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "शाब्बास रे पोरांनो! आम्ही मोठे नुसते तक्रारी करत बसलो. तुम्ही कान दिलात!"

"राग गेला का गं?" आजोबांनी विचारलं.

"नाही!"

"मग यावर काढ." त्यांनी डफ तिच्या हातात दिला.

ठिणगीनं अशी थाप मारली की काका जागच्या जागी उडाले! मास्तर खो खो हसत म्हणाले, "हिला कुणी शिकवलं, ते विचारायलाच नको!"